दुसरी किटली

३ फेब्रुवारी, सोमवार

आलं एकदाचं! ते पाकीट. तपकिरी, खिडकीवालं, आत माझं नाव मोठ्या अक्षरांत. अख्ख्या गल्लीत सगळ्यांना येऊन गेलं, मीच काय ती राहिले होते. मला वाटायला लागलं होतं की मला विसरले. कसले विसरतायत!

म्हणे तुमचे जुने भत्ते बंद. खुबा कामातून गेल्यापासूनचा आजारपणाचा एक, घरभाड्याचा एक — दोन्ही गुंडाळायचे आणि मेच्या आत युनिव्हर्सल क्रेडिट नावाच्या नव्या सरकारी भत्त्याचा अर्ज भरायचा. सगळं एकात. आपोआप काही होणार नाही, आपणच भरायचा. नाही भरला तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. इतकी वर्षं जे नीट चाललंय त्याला हात लावल्याशिवाय या लोकांना झोप येत नाही!

नेव्हिल शाळेवरून आला. गुडघ्याखाली जाणारा पिवळा कोट, हातात तो गोल पाटीचा दांडा — पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं काम करतो तो शाळेसमोर. माझं तोंड बघितलं, पत्र बघितलं, दांडा दाराआड उभा केला. म्हणाला, "चहा?"

आमच्या भाडेकरूचं हे असं. कुणी मेलं तरी "चहा?", कुणाला लॉटरी लागली तरी "चहा?". पण करतो फक्कड.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाकीट घड्याळामागे ठेवलंय. दिसत नाही, पण आहे ते कळतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जॅनिसचा फोन. माझी थोरली बहीण. प्रेस्टनला राहते आणि जगातलं सगळं तिला आधी कळतं.

"पत्र आलं ना? मग तुझ्या त्या नेव्हिलचं काय?"

"काय म्हणजे? भाडेकरू आहे. आठ वर्षं आहे. भाडं देतो."

"भाडेकरूचे मोजे कोण धुतं गं?"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या! एकदाच मशीन लावलं की वीज वाचते, म्हणून धुते. त्यात काय एवढं?

पण ती कसली थांबतेय. "एका छपराखाली बाई आणि पुरुष, एकाच पातेल्यातलं जेवण — त्यांच्या लेखी ती जोडीच, बेव्ह. अर्जात विचारतात. तू 'नाही' लिहिणार, आणि एक दिवस कुणीतरी येऊन दात घासायचे ब्रश बघून जाणार. खोटं बोललीस म्हणून धरतील तुला! त्याला आधी घराबाहेर काढ, मग अर्ज भर."

दात घासायचे ब्रश! एकाच पेल्यात आहेत दोन्ही. पण पेलाच एक आहे घरात, त्याला मी काय करू?

शुक्रवार म्हणून बटर पाय केला होता, बटाटा-कांदा भरलेला. जेवताना पहिल्यांदाच नीट बघितलं — मोठा तुकडा कुणाच्या ताटात येतो ते. माझ्या. वाढतो तो. मग पाय काही घशाखाली उतरेना.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात गेले. तिथे सोमवारी आणि गुरुवारी सल्ला देणारी बाई बसते, फरझाना. चाळिशीची असेल, सर्दी झालेली, पण डोकं साफ. तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बेव्हर्ली, ब्रश मोजायला कुणी येत नाही हो. पण प्रश्न खरा आहे. जोडी म्हणजे काय, ते एका गोष्टीवरून ठरत नाही. जेवण एकत्र करता का, कपडे एकत्र धुता का, सुट्टीला एकत्र जाता का, लोक तुम्हाला काय समजतात — असं सगळं मिळून बघतात."

मी हसत होते आधी. आणि एकेक उत्तर मनात देत गेले तसं हसू मावळत गेलं. जेवण? हो. कपडे? हो. सुट्टी? दर ऑगस्टला ट्रामने ब्लॅकपूलला जातो, समुद्रकाठची रोषणाई बघायला परत ऑक्टोबरात. पण खोल्या वेगळ्या आहेत! त्याची मागची, माझी पुढची. ते मी ठणकावून सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला.

"आणि समजा जोडी म्हणून भरला तर?"

"तर नेव्हिलचा पगार धरून सगळं नव्याने मोजतील. तुमच्या हातात कमी येईल. एकटीने भरलात तर निदान आता मिळतं तेवढं सांभाळून घेतात. आणि जोडीला सगळं मिळून एकाच खात्यात येतं, बहुतेक वेळा."

एकाच खात्यात.  माझा नवरा रॉनी होता तेव्हा माझ्या पगाराचं पाकीट शुक्रवारी तोच फोडायचा. मला पायमोज्यांनासुद्धा हात पसरावा लागायचा. तो गेला, आणि पहिल्यांदा बँकेच्या कागदावर माझं एकटीचं नाव आलं, तेव्हा मी तो कागद शेकोटीवरच्या फळीवर लावून ठेवला होता, लोक नातवंडांचे फोटो लावतात तसा. हे मी फरझानाला सांगितलं नाही. अर्ज भरायला गुरुवार, सहा मार्च, अशी वेळ घेतली आणि उठले.

घरी येताना पलीकडची डॉट कुंपणावर टेकून उभी. ऐंशी पार केलीय, जीभ मात्र सोळाची. मी सरळ विचारलं, "डॉट, लोक मला आणि नेव्हला काय समजतात गं?"

"काय समजतात म्हणजे? लग्नाला बोलावलं नाहीस म्हणून पाच वर्षं तुझ्यावर रुसून आहे मी! म्हणून तर तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही."

"रुसलीस? मग रोज कुंपणावर येऊन माझं डोकं कोण खातं?"

"रुसलेय म्हणून कुंपणावरून खाते. नाहीतर आत येऊन खाल्लं असतं!"

लग्न! कपाळ माझं!

१२ फेब्रुवारी, बुधवार

नेव्हला सांगितलं. बटाटे सोलत होता. सोलायचा थांबला नाही, पण सालं जाड निघायला लागली. कान लाल.

"मी जाऊ का?" म्हणाला. बटाट्याला.

"जा कोण म्हणालं? जा म्हणायचं असतं तर जा म्हणाले असते!"

आठ वर्षांपूर्वी सहा आठवड्यांसाठी म्हणून आला होता. एक बॅग आणि टोमॅटोचं एक रोप. पहिल्याच आठवड्यात माझी किटली पाडली, विजेवरची, स्टीलची, तिच्या पोटाला केवढा पोचा आला. नवी आणतो म्हणाला, शंभरदा म्हणाला. मी म्हटलं, पाणी उकळतंय ना? मग राहू दे.

तर असं ठरलं: अर्जात खोटं लिहायचं नाही. मला खोटं जमत नाही, माझी मान लाल होते. मग जे लिहायचं ते खरं करून दाखवायचं. वेगळं म्हणजे वेगळं. जेवण, कपडे, फ्रिज, टीव्ही. भाडेकरू म्हणजे भाडेकरू.

"खातं तुझं तुझ्याकडे राहायला हवं," तो म्हणाला. रॉनीचं त्याला ठाऊक आहे. मी एकदाच सांगितलं होतं, कधीतरी. विसरला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फ्रिजमध्ये निळी चिकटपट्टी लावली. वरचे कप्पे माझे, वाकायला नको म्हणून. त्यानेच तसं ठरवलं. खाली त्याचं दूध, वर माझं दूध. दोन दुधांकडे बघून कसंसंच झालं.

आणि मग तो बाजारातून आला, काखेत खोका. काय तर — किटली! लाल, चकचकीत, आत निळा दिवा लागतो. माझ्या किटलीशेजारी ठेवली ओट्यावर. "म्हणजे तुझी वापरायला नको," म्हणाला.

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. खरंच. आमच्याकडे एकट्यापुरता चहा करणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. घरात जो कोणी किटलीला हात लावेल त्याने आधी हाळी द्यायची, "चहा?" गॅसचं मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा. रॉनी कसाही असो, चहा विचारायचा. आणि आज नेव्हने एक कप पाणी उकळलं, एकाच कपात ओतलं, आणि वर गेला. मी ओट्यापाशी उभी, माझ्या हातात रिकामा कप.

ठरल्याप्रमाणेच वागला. त्याचा काय दोष? पण राग आला. अजून आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकटीपुरतं रविवारचं जेवण करून बघा कुणीतरी! यॉर्कशायर पुडिंगच्या तव्याला चार खळगे असतात. एकच कसं भाजायचं? चार केली. काय फुगली होती, टोप्यांसारखी! वरून त्याच्या खोलीतून भाजलेल्या पावावर टाकलेल्या डबाबंद बीन्सचा वास. रविवारी, बीन्स!

उरलेली तीन परसातल्या भिंतीवर ठेवली, थंड व्हायला. सीगलने नेली तिन्ही. डॉट कुंपणावरून ओरडली, "बेव्ह, तुझं काय बिघडलंय? नेव्हची पुडिंगं पाखरांना घालतेस?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

त्याचा एक मोजा माझ्या कपड्यांत सापडला. चिमटा लावून त्याच्या दाराच्या मुठीला टांगला. संध्याकाळी त्याच चिमट्याला माझ्या दाराशी एक चॉकलेट.

हे नियमात बसतं का? खाल्लं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज हसून हसून पोट दुखलं!

पाचला अंधारून आलेलं. तो शाळेवरून गारठून आलेला, मी बाजारातून. दोघेही एकदमच ओट्यापाशी. मी माझी लावली, त्याने त्याची लावली.  दोन्ही किटल्या घुंई करायला लागल्या, एक वर एक खाली, आणि — फट्! घरभर काळोख. फ्यूज उडाला. कौन्सिलचं भाड्याचं घर, तारा जुन्या, दोन किटल्या एका वेळी सोसवत नाहीत त्याला.

काळोखात नेव्हचा आवाज: "तू आधी लाव."

"छे, तू आधी. तू गारठलायस."

"तुझा खुबा दुखतोय. तू बस, तुझी आधी."

"माझा खुबा आणि किटलीचा काय संबंध?"

"आधी फ्यूज तर लावू दे."

आणि मला हसू फुटलं. ओट्याला धरून हसले मी. तोही हसायला लागला. तो हसतो तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. काळोखात दिसलं नाही, पण कळलं. मग जिन्याखाली जाऊन फ्यूज बसवला. माझी किटली आधी, मग त्याची. त्याचं पाणी होईस्तोवर माझा चहा गार. त्याच्यासाठी थांबले होते, दुसरं काय! एकटीने आधी प्यायला बरं दिसलं नसतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टीव्ही वेगळा. त्याने खोलीत छोटा आणलाय. शनिवारची प्रश्नमंजूषा आम्ही कधी चुकवत नाही — नद्या, युद्धं, राजधान्या त्याच्याकडे. सिनेमे, गाणी, कुणाचं कुणाशी लफडं ते माझ्याकडे. आज मी खाली, तो वर.

युरोपातली कुठली नदी चार राजधान्यांतून जाते, असा प्रश्न आला. मला काय माहीत! छतातून आवाज: "डॅन्यूब!"

मग सिनेनटीचा प्रश्न आला. मी मान वर करून ओरडले. वरून पाय आपटल्याचा आवाज, म्हणजे शाबास. शेवटी शेवटी दोघेही घसा फोडून ओरडत होतो. पलीकडून डॉटने भिंतीवर काठी आपटली. तिला वाटलं भांडतोय.

आम्ही जिंकलो असतो. दोघांचं मिळून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नेव्हने नॉट एंडला खोली शोधलीय. नदीपलीकडे, फेरीबोटीने गेलं की लगेच. कुणा विधवेच्या घरात. शाळेवर यायला फेरी सकाळी असतेच, म्हणाला.

"फ्रिजला पट्टी लावून काही खरं वेगळं होत नाही, बेव्ह. घरच वेगळं झालं की प्रश्न मिटला. तुझं तुला राहील. सगळं."

मी म्हटलं, "चांगलंय."

चांगलंय! जीभ झडली नाही माझी! मग कपडे वाळत घालायला परसात गेले आणि चादरीआड रडले. डॉटने विचारलं तर सांगितलं, वारा आहे. वारा होताच.

१ मार्च, शनिवार

खोली बघून आला. सुरुवातीला म्हणाला, "छान आहे." मग बूट काढता काढता एकेक बाहेर यायला लागलं. खिडकीतून समुद्र दिसतो, पण खिडकी उघडत नाही. टोमॅटो लावायला जागा नाही. आणि बाईंचा नियम — खोलीत किटली चालणार नाही. चहा सकाळी सातला एकदा मिळेल, त्या देतील तेव्हा.

"मग त्या लाल किटलीचं काय करणार?" मी विचारलं.

"बघू," म्हणाला. "बुधवारपर्यंत होकार द्यायचाय त्यांना." आणि स्वतःपुरता चहा करून वर गेला. जिन्याच्या मध्यावर थांबला होता जरा. मग गेला.

एकदाच चहा, तोही सातला! त्या बाईला काय माहीत याला दुपारी चारला लागतो म्हणून.

३ मार्च, सोमवार

आज डॉटने मला झाडलं. कुंपणावरूनच.

"तो जातोय म्हणे! आणि तू जाऊ देतेयस! का? पैशापायी?"

"पैशापायी नाही. माझं म्हणून काही राहावं यापायी. तुला ठाऊक आहे रॉनी कसा होता."

"रॉनी डोळ्यादेखत तुझी पर्स उपडी करायचा, ठाऊक आहे मला. आणि हा? आठ वर्षांत बिस्किटाच्या डब्याला न विचारता हात लावलाय का याने? सांग ना!"

नाही लावला. शेवटचं बिस्किट डब्यात वाळून जातं, पण विचारल्याशिवाय घेत नाही.

तोंड फिरवून तरातरा बाजाराला निघाले. तरातरा म्हणजे माझ्या मानाने. शाळा सुटायची वेळ. नेव्ह चौकात उभा. मला लांबूनच बघितलं, रस्त्याच्या मधोमध गेला आणि दांडा आपटून उभा राहिला. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. पोरं धावत पार गेली. मी आपली लंगडत, टेकत, त्या वाऱ्यात. पोरं कधीच पलीकडे पोचलेली, मी अजून अर्ध्यावर. एका व्हॅनवाल्याने भोंगा दाबला.

नेव्ह त्याच्याकडे वळला. शांतपणे म्हणाला, "बाई चालतायत."

एवढंच. मी फुटपाथवर चढले, दुकानाच्या भिंतीला टेकले, तेव्हा कुठे दांडा खाली केला त्याने. रोज असंच करतो. आठ वर्षं करतोय. मला वाटायचं नियम असेल तसा.

मला तो जायला नकोय. लिहून टाकते एकदाचं. मला नेव्हिल स्वॉरब्रिक कुठेही जायला नकोय! कमी आलं तर कमी येऊ दे, वर्षभर बीन्स खाऊ. पण हे त्याला तोंडाने कसं सांगायचं? बासष्टाव्या वर्षी? आमच्यात कुणी असलं काही बोललंय का कधी! आईने बाबांना अख्ख्या जन्मात एकदा म्हटलं होतं, "तुम्ही तसे बरे आहात," आणि तेही ते भूल दिलेल्या अवस्थेत असताना.

काहीतरी करायला हवं. बुधवारच्या आत.

४ मार्च, मंगळवार — पॅनकेकचा दिवस, ईस्टरच्या उपासांआधीचा

आजचं सगळं लिहिते. आनंदाने!

सकाळी तो शाळेवर गेल्यावर सुचलं. मी माझी किटली उचलली. पोच्याची, स्टीलची. रॉनीच्याही आधीची आहे ती. पुसली, पिशवीत घातली आणि मोठ्या रस्त्यावर दान आलेल्या जुन्या वस्तू विकणारं चॅरिटीचं दुकान आहे, तिथे देऊन आले. म्हटलं, आता ओट्यावर त्याची एकटीच राहील. तो आला की मी त्याच्या किटलीत दोघांचं पाणी लावीन आणि विचारीन, "चहा?" त्याला समजेल. समजलं नाही तर तो गाढव, आणि गाढवाला नॉट एंडला जाऊ दे!

मग अंडी आणली, लिंबं आणली. वाऱ्याने टोपी गेली, ती पकडून देणाऱ्या माणसाशी गप्पा झाल्या, उशीर झाला. घरात शिरले तर नेव्ह आधीच आलेला. पिवळा कोट अंगावर तसाच, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला. ओट्याकडे बघत.

ओटा रिकामा. लाल किटली नाही!

"तुझी कुठे गेली?" मी.

"तुझी कुठे गेली?" तो.

"चॅरिटीच्या दुकानात दिली."

त्याने डोळे मिटले. "मीपण. दुपारच्या सुट्टीत. ट्रामच्या थांब्यापाशी दुसरं दुकान आहे ना, तिथे."

"तू का दिलीस?"

 तो टेबलालाच म्हणाला, "मला वाटलं, तुझ्या किटलीत दोघांचं पाणी मावतं. आधी मावायचं."

मी मटकन बसले. मला हसू की रडू काही कळेना, दोन्ही एकदम आलं, नाकातून. त्याचे खांदे हलायला लागले. मग आवाजसुद्धा आला! नेव्हिलला हसण्याचा आवाज आहे, आज कळलं — गाढवासारखाच आहे. ऐकत बसावंसं वाटत होतं.

"पैसे कमी येतील," मी म्हटलं. सांगायला हवं ना.

"येऊ देत."

"एकाच खात्यात येतात म्हणे."

"मग तुझ्या. माझा पगारपण तिथेच टाक, मला काय करायचाय? बसभाड्यापुरते पैसे दे म्हणजे झालं."

"मागावे नाही लागणार तुला," मी म्हटलं.  "बिस्किटांच्या डब्यात ठेवीन. न विचारता घ्यायचे. कबूल?"

त्याला तेच जड गेलं सगळ्यात. पण कबूल म्हणाला.

चहा पातेल्यात उकळला. दोघांचा. ओतताना अर्धा ओट्यावर सांडला. मग पॅनकेक. पहिला मी उडवला तो नीट आला. दुसरा नेव्हने उडवला तो दिव्याला अडकला आणि लिंबाचा रस माझ्या डोक्यावर. साखर, लिंबू, परत साखर. फ्रिजची निळी पट्टी त्याने ओढून काढली आणि गोळा करून खिशात घातली.

नॉट एंडच्या बाईंना काय सांगणार, विचारलं. म्हणाला, "सांगतो, मला चारला लागतो."

५ मार्च, बुधवार

जॅनिसला फोन केला. म्हटलं, तुझा सल्ला मानला नाही. ती म्हणाली, "अगं बाई!"  मग तिने नाक ओढलं. सर्दी आहे म्हणे.

पातेल्यातला चहा वाईट नाही. नवी किटली घ्यायची कुणालाच घाई नाही.

६ मार्च, गुरुवार

वाचनालयात दोघे गेलो. नेव्हने टाय लावला होता. अर्ज भरायला टाय!

फरझानाने आधी माझं भरलं, मग त्याचं, मग दोन्ही एकमेकांना जोडले — एक आकडा असतो, तो एकाने दिला की दुसऱ्याने टाकायचा. नेव्हने तो एकेका बोटाने टाकला, प्रत्येक आकड्यानंतर माझ्याकडे बघत. जोडलं गेलं. पडद्यावर हिरवी खूण आली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, वाजवल्यापण. तो पेपरवाला म्हातारा आजही होता, त्यानेही वाजवल्या, का ते त्याला ठाऊक नसताना.

"आता एक राहिलं," ती म्हणाली. "जुने भत्ते देणाऱ्या कार्यालयाला कळवावं लागेल. जोडी म्हणून कधीपासून राहता? खरं ते सांगा."

माझी मान लाल व्हायला लागली. आठ वर्षं म्हणू? आठ वर्षं नाही, तेव्हा आम्हालाच कुठे माहीत होतं!

नेव्ह म्हणाला, "मंगळवारपासून."

"या मंगळवारपासून? इतकं नक्की?"

"हो. त्या दिवशी घरात किटली नव्हती."

फरझानाने चष्म्यावरून आम्हाला दोघांनाही नीट बघितलं. मग नाक पुसलं आणि तारीख टाकली.

८ मार्च, शनिवार

डॉट उंबरा ओलांडून आत आली! पाच वर्षांनी. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "आहेर," म्हणाली. "तुम्ही पातेल्यात चहा उकळता असं ऐकलं. चॅरिटीच्या दुकानातली आहे, पण दणकट आहे. जरा पोचलीय एका बाजूला, तिकडे बघू नका."

नेव्हने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. स्टीलची, पोटाला तोच पोचा. त्याने किटली भरली आणि लावली, आणि डॉटला विचारलं, "चहा?"

कप हातात आल्यावर मी तिला लग्नाची तारीख सांगितली — दहा मे, नोंदणी कार्यालय, आणि पहिलं आमंत्रण तिला.